आपला तांदूळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीननं डब्यातल्या तांदळासमोर ३१० हा आकडा दाखवला आणि शून्यकाका म्हणाले, "मॅडम, याला वेड लागलंय." याला म्हणजे मशीनला. शून्यकाका या प्रयोगशाळेत माझ्या आधीपासून आहेत. वजनकाटा शून्यावर स्थिर झाल्याशिवाय ते कुणाच्या नमस्कारालाही उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांना हे नाव पडलं, आणि त्यांना ते आवडतं. मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. तिथे ऐंशीच्या आसपास काहीतरी हवं होतं. अठ्ठ्याहत्तर चाललं असतं, त्र्याऐंशी चाललं असतं. तीनशे दहा म्हणजे ओळखीची हाक ऐकून दार उघडावं आणि समोर भलताच माणूस उभा असावा, तसं. मला आधी रागच आला, तोही मशीनचा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. दुकानांतून, गोदामांतून, गिरण्यांतून धान्याचे नमुने येतात. ते दळायचे, आम्लात विरघळवायचे, पाण्यासारखे नितळ झाले की मशीनला पाजायचे. मशीन सांगतं की किलोभर तांदळात शिसं किती, कॅडमियम किती, आर्सेनिक किती. आणि त्याच दमात लोह, जस्त, मॅग्नेशियम, पोटॅशियमही सांगतं, कारण त्याला चांगलं-वाईट कळत नाही, फक्त मोजता येतं. पण मशीन खरं बोलतंय की नाही, हे कसं कळणार? म्हणून रोजच्या नमुन्यांत एक असा नमुना बसवायचा की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पाठ आहे. त्यासाठी प्रमाणपत्र असलेला तांदूळ मिळतो, औषधाच्या बाटलीएवढ्या बाटलीत, आणि शून्यकाका ती बाटली कुलपात ठेवतात. रोजच्या वापरासाठी मी सहा वर्षांपूर्वी एक डबा सुरू केला. त्यात माझ्या मामाच्या शेतातला तांदूळ भरला. तेव्हा मी तो चाळीस वेळा मोजला होता. आर्सेनिक किलोमागे ऐंशी मायक्रोग्रॅम, म्हणजे लहान मुलांच्या खाण्याला आम्ही जी शंभरची मर्यादा धरतो, तिच्याही खाली. बाकी सगळं दृष्ट लागण्यासारखं. डब्यावर चिठ्ठी लावली : आपला, ८०. 'आपला' हे मी गमतीनं लिहिलं होतं.

दोन तास आम्ही मशीनची सेवा केली. नळ्या बदलल्या, मशीनच्या तोंडाशी असतो तो धातूचा शंकू काढून धुतला, आम्ल नवीन घेतलं, गॅसचा दाब पाहिला. शून्यकाका मध्येच म्हणाले की काल वीज गेली होती, तेव्हापासून याचं लक्षण ठीक दिसत नव्हतं. मी मान डोलावली. मशीनला दोष देणं किती सुखाचं असतं, हे मी तेव्हा दोन तास भोगलं. मग पुन्हा चालवलं. डबा : तीनशे आठ. शून्यकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि त्यांनी कुलूप उघडलं. प्रमाणपत्रवाल्या बाटलीतला तांदूळ मशीनमध्ये गेला आणि आकडा आला तो प्रमाणपत्रावरच्या आकड्याला जवळजवळ चिकटून. म्हणजे मशीन शहाणं होतं. शून्यकाका म्हणाले, "मग डब्यातच गडबड आहे. मॅडम, डबा कधी भरला?" मी म्हणाले, "शुक्रवारी." आणि मला बसावंसं वाटलं, पण जवळ खुर्ची नव्हती.

शुक्रवारी डबा तळाला गेला होता. सहा वर्षं पुरला तो. मी घरून, स्वयंपाकघरातल्या पोत्यातून, दोन किलो तांदूळ आणला आणि डब्यात ओतला. तोच मामा, तेच शेत, तेच बियाणं. नवीन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते : डबा नवा तर मोजणी नवी, चिठ्ठी नवी, मग तुझ्या स्वतःच्या हातचा तांदूळ का असेना. चाळीस वेळा सोडाच, मी एकदाही मोजला नाही. जुनी चिठ्ठी तशीच राहू दिली, कारण तांदूळ आपला होता. बाहेरच्या कुठल्याही गिरणीवाल्यावर मी इतका विश्वास ठेवला नसता. त्याच्या चिठ्ठीवर मी थुंकलेही नसते. नशीब एवढंच की नवा डबा त्या मंगळवारीच पहिल्यांदा वापरात आला होता आणि कुणाचा अहवाल त्याच्या भरवशावर गेला नव्हता. मोठ्या साहेबांना मी तसं लिहून दिलं, चूक माझी म्हणून सही केली. ते मला सोपं गेलं. कागदावर चूक कबूल करायला मला कधीच जड जात नाही.

मोबाईल हातात घेतला तेव्हा पावणेदोन वाजले होते. बोलायचं काय ते ठरलेलं नव्हतं. आईनं फोन उचलला, मागे नळाचा आवाज. मी विचारलं, "ठमी जेवली?" ठमी म्हणजे माझी मुलगी, नऊ महिन्यांची, खरं नाव कागदोपत्री छान आहे, पण गाल पाहून आईनं पहिल्या आठवड्यातच तिची ठमी करून टाकली. "जेवली की," आई म्हणाली, "आज तर वाटी चाटूनपुसून. तोंड उघडून बसली होती पुढच्या घासासाठी." एरवी हे ऐकून मी शून्यकाकांनाही सांगितलं असतं. "तू का विचारतेस मध्येच?" "सहज," मी म्हटलं. नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "बरं." तीन महिने झाले ठमी भात खायला लागून. दिवसाला तीस ग्रॅम तांदूळ धरला तर नव्वद दिवसांत दोन किलो सातशे ग्रॅम. हे गणित मी केलं नाही, ते माझ्या डोक्यात आपोआप झालं, आणि पुढची पायरीही झाली, ठमीच्या नऊ किलो वजनानं भागण्याची. मला माझ्या डोक्याची भीती वाटली.

त्या दिवशी बस सोडून मी चालत घरी गेले. चाळीस मिनिटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, बँक, शाळेची लांबलचक भिंत. वाण्याच्या दुकानासमोर तांदळाची पोती उघडी मांडून ठेवली होती आणि एक बाई मूठभर तांदूळ उचलून वास घेत होती. मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, वासाला काही कळत नाही. मग आठवलं की मलाही काही कळलं नव्हतं, मशीन असून. आई अशीच मूठ भरून नाकाशी न्यायची. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आई भात वेगळ्या पद्धतीनं करायची : मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात तांदूळ, आणि शिजत आला की झाकण फडक्यानं दाबून धरून पातेलं कलतं करायचं, वरचं पांढरं पाणी मोरीत सोडायचं. भात वेळणं म्हणायची ती. मोकळा, सुटा भात व्हायचा. मी तेव्हा कॉलेजात पोषणाचे चार धडे शिकले होते, आणि चार धडे शिकलेल्या माणसाइतकं धोकादायक जगात कुणी नसतं. शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या, त्यांच्या देखत मी म्हणाले, "आई, अगं सगळं सत्त्व तू मोरीत ओततेस आणि आम्हाला चोथा खायला घालतेस!" शेजारणी हसल्या. आईसुद्धा हसली, "ऐका, आमची पोरगी शिकली," असं म्हणाली. पण पातेलं तिच्या हातात अर्धं कललेलं होतं आणि पुढे काय करावं ते त्या हाताला कळेना, तो तसाच राहिला, वाफ मनगटावर येत असूनही. हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. मी फक्त एवढंच लक्षात ठेवलं होतं की दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कुकरमध्ये मोजून पाणी पडायला लागलं, आणि मी जिंकले.

जिंकण्याची चटक लागते. पुढे मी मामाच्या मागे लागले की तांदूळ पॉलिश करू नकोस, कोंडा राहू दे, सगळं जीवनसत्त्व आणि लोह त्या कोंड्यातच असतं. मामा कुरकुरला, गिरणीवाला हसला, पण भाचीसाठी दोन पोती वेगळी निघायला लागली. मी म्हणत होते ते खरंच होतं. आजही खरं आहे. फक्त आर्सेनिकही त्या कोंड्यातच जास्त बसतं, हेही खरं आहे, आणि हे मी इतरांना सांगायचे, पगार घेऊन. घरी सांगायची गरज पडली नाही, कारण आपला ऐंशी होता. दोन वर्षांपूर्वी मामाच्या शेताजवळचं तळं गाळानं भरलं, म्हणून त्यानं खोल बोअर मारली. किती आनंदानं फोन केला होता त्यानं! बाराही महिने पाणी, वाफे कायम तुडुंब. मी अभिनंदन केलं. जमिनीच्या पोटातल्या पाण्यात काय विरघळलेलं असू शकतं, आणि तुडुंब भरलेल्या वाफ्यात भाताची मुळं ते कसं भराभरा ओढून घेतात, यावर मी दोन वेळा परिषदेत बोलले आहे. एकदा टाळ्याही पडल्या.

घरी पोचले तेव्हा ठमी जमिनीवर पालथी पडून चमचा आपटत होती. मी तिला उचललं, खिडकीशी नेलं, तळहात पाहिले, नखं पाहिली, जणू मला नुसत्या डोळ्यांनी काही दिसणार होतं. ती माझ्या चष्म्याला लोंबकळली. एवढी गुबगुबीत, एवढी ओली, एवढी खुशीत. आई दारात उभी राहून पाहत होती. "काय शोधतेस?" "काही नाही. आई, संध्याकाळी तिला बटाटा उकडून दे. भात नको." "का? भाताला काय झालं?" "बदल म्हणून." आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं ते दुखावलेपण असावं, कारण दुपारचा ठमीचा भात हे स्वयंपाकातलं एकमेव काम मी आईच्या हाती सोडलं होतं. आमचा कुकर सकाळी मी लावते, मोजून. ठमीचा छोट्या पातेल्यातला भात आई करते, मी कामावर गेल्यावर, मी लिहून दिलेल्या प्रमाणानं : एक वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, सगळं आटवायचं. कागद अजून फ्रिजला चिकटलेला आहे. मी वाटीच्या कडेला राहिलेली शितं आणि पातेल्यातला उरलासुरला भात दोन नळ्यांत भरून घेतला. आई म्हणाली, "ते कशाला?" मी म्हणाले, "ऑफिसात पाहिजे." ठमीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो, तो संध्याकाळी आल्यावर त्याला मी गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईंना सांगितलंस?" मी म्हणाले की आधी आकडा येऊ दे. "आकडा तर आलाय," तो म्हणाला. मला त्याचं बरोबर वाटलं आणि म्हणूनच त्याचा रागही आला.

बुधवारी सकाळी मुलांच्या डॉक्टरबाईंकडे मी ठमीची लघवी नेऊन दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "थांबवलंत ना? मग घाबरू नका. हे शरीरात घर करून बसत नाही, बरंचसं लघवीवाटे निघून जातं. चार-पाच दिवसांत निम्मं. तीन महिनेच झालेत, पोर धडधाकट आहे. तपासू, पुन्हा पंधरा दिवसांनी तपासू." मी हे सगळं स्वतः जाणत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला त्यांच्या टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं. तिथूनच मामाला फोन केला. मामा फोनवर नेहमी असा बोलतो की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "माझ्या तांदळात विष? तुझ्या मशीनलाच विषबाधा झाली असेल! साऱ्या गावानं खाल्ला, कुणाला काही झालं?" मी म्हणाले, "मामा, शेत वाईट नाही, तू वाईट नाहीस, पाणी तपासायला हवं." त्यानं फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, आवाज निम्मा. "पोर कशी आहे?" चांगली आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "बोअरचं पाणी बाटलीत भरून पाठवतो. तळ्यातलंही पाठवतो, थोडंफार आहे तळाशी. आणि वाफे मधूनमधून सुकू दिले तर?" मामा शाळेत सातवीपुढे गेला नाही, आणि त्यानं नेमकं तेच विचारलं ज्यावर मोठमोठे लोक पेपर लिहितात. मी सांगितलं की सुकू दिलं तर आर्सेनिक उतरतं, पण कॅडमियम वर चढू शकतं. "म्हणजे एकाला हाकलला की दुसरा घरात शिरणार," मामा म्हणाला. "किती सुकवायचं ते मोजून ठरवू, मामा. मी आहे." "तूच आहेस," मामा म्हणाला, "तेव्हा कोंडा ठेव म्हणणारीही तूच होतीस." पण हे तो चिडून नव्हता म्हणाला.

दुपारी नळ्यांतला भात वाळवून, विरघळवून मशीनमध्ये गेला. मी आकड्याची वाट पाहत होते म्हणजे काय करत होते? मी तीनशे दहाची वाट पाहत होते. तांदूळ तीनशे दहा, पाणी सगळं आटवलेलं, म्हणजे सुक्या वजनाला भातही तीनशे दहा. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पडद्यावर आलं एकशे पस्तीस. मी म्हणाले, "काका, पुन्हा." पुन्हा एकशे बत्तीस. दुसरी नळी, एकशे अडतीस. शंभराच्या वरच होतं, खुशीत यावं असं नव्हतं, पण निम्म्याहून जास्त आर्सेनिक गेलं कुठे? शून्यकाका म्हणाले, "मॅडम, आता कुणाला वेड लागलं?" मी खालच्या ओळींकडे गेले. लोह थोडं कमी. जस्त जवळजवळ होतं तिथेच. मॅग्नेशियम बरंच उतरलेलं. आणि पोटॅशियम, पार तिसऱ्या हिश्श्यावर. पोटॅशियम एका जागी बसत नाही. भरपूर पाणी दिसलं की तांदळातून उठतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. ते असं नाहीसं व्हायला एकच वाट आहे. कुणीतरी पातेलं कलतं केलं होतं. माझ्या घरात, फ्रिजवरच्या कागदासमोर, रोज दुपारी. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्यानं हसले. शून्यकाकांनी मला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी जाऊन पाण्याचा ग्लास आणून दिला.

चार वाजता घरी आले तेव्हा ठमी झोपली होती आणि आई खाली बसून तिच्या कपड्यांच्या घड्या करत होती. माझ्या मनात रस्ताभर एक वाक्य तयार होत होतं, आभाराचं. पण तोंडातून आलं ते सवयीनं, तपासणीच्या सुरातच : "आई, ठमीचा भात तू वेळतेस का?" आईचे हात थांबले. "नाही बाई. तू लिहून दिलंयस तसाच करते." "आई." "अडीच वाट्या पाणी." "आई, मला कळलंय." तिनं झबलं उलगडलं, पुन्हा घडी केली. आठ-दहा वर्षांच्या मुलीसारखी ती जमिनीकडे पाहत होती, आणि हे मी तिला शिकवलं होतं, माझ्यासमोर असं मान खाली घालून बसायला. "पहिल्या आठवड्यात दिला तुझ्या पद्धतीनं," ती म्हणाली. "पण फार चिकट व्हायचा गं. तिच्या घशाशी यायचा, डोळे पांढरे करायची. माझा जीव खालीवर व्हायचा. मग मी आपलं पाणी जास्त घालून, वेळून... सुटा झाला की चुरडून देते. छान खाते. तुला सांगणार होते." मी म्हणणार होते की आई, तू तिला वाचवलंस. पण ती घाईघाईनं पुढे बोलली, जणू खरा गुन्हा अजून सांगायचाच होता. "पण एक थेंब वाया घालवला नाही हं. मोरीत नाही ओतलं काही. तू म्हणतेस ना, सगळं सत्त्व त्यात असतं."

"मग काय केलंस त्याचं?"

"मी प्यायले," आई म्हणाली. "मीठ घालून. रोज." आणि मग तिचा आवाज फुटला. "टाकवत नव्हतं, आणि तिला देता येत नव्हतं. प्यायचे आणि वाटायचं, बघ, नऊ महिन्यांच्या पोरीच्या तोंडचं सत्त्व ही म्हातारी गट्ट करतेय. परवा लस टोचायच्या वेळी नर्सबाईंनी वजन करताना म्हटलं ना, या महिन्यात जरा कमी वाढलंय, तेव्हापासून मला झोप नाही. काल तू तिची नखं बघत होतीस. मला वाटलं, कळलं हिला."

मी तिच्यासमोर खाली बसले. सांगणं आता टळणार नव्हतं आणि कुठला शब्द वापरावा ते सुचत नव्हतं. "आई, मामाच्या तांदळात आर्सेनिक निघालंय. बोअरच्या पाण्यातून आलं असणार." "म्हणजे काय गं?" "सोमल." हे विषाचं नाव तिला माहीत होतं. तिनं झबलं मांडीवर ठेवलं, झोपलेल्या ठमीकडे पाहिलं आणि इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरून कळलं, "तिला किती गेलं?" "निम्म्याहून कमी. तू वेळत होतीस म्हणून. माझं ऐकलं असतंस तर सगळं गेलं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबवलंय, निघून जाईल, काही होणार नाही." "आणि बाकीचं?" मी तिचा हात धरला. "बाकीचं पाण्यात होतं, आई."

ती घाबरेल म्हणून मी तयारीत होते. दिवस, टक्के, तपासणी, सगळं जिभेवर होतं : रोजचं पेलाभर पाणी म्हणजे फार नव्हे, तीन महिने म्हणजे फार नव्हे, उद्याच तुझीही, आम्हा दोघांचीही तपासणी करू. आई म्हणाली, "म्हणजे तिच्या वाटचं चांगलं असं मी काही खाल्लं नाही?"

"नाही," मी म्हणाले. पोटॅशियमची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, मॅग्नेशियमचीही. आयुष्यात पहिल्यांदा मी अहवालातल्या दोन ओळी गाळल्या. "काहीसुद्धा नाही, आई."

"बरं झालं," आई म्हणाली. तिनं डोळे मिटले, खांदे खाली आले. "बाई गं, बरं झालं." आणि मग मीच रडायला लागले, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आणि जे सांगायचं होतं ते सगळं एकदम सांगितलं. त्या शेजारणींच्या देखतचं, चोथ्याचं, तिच्या मनगटावरच्या वाफेचं. आईला शेजारणी आठवत नव्हत्या. "तू लहान होतीस," ती म्हणाली, पण मनगट मात्र तिनं नकळत दुसऱ्या हातानं झाकलं. मग आम्ही कामाचं बोललो. सहा वाट्या पाण्यात शिजवून वेळला तर किती उतरतं. आधी पाच मिनिटं उकळून पाणी टाकलं आणि मग नवं पाणी घालून आटवला तर चांगलं जास्त राहतं का. पॉलिश केलेला घेतला तर काय. आई म्हणाली, "चारी तऱ्हेनं करते, तू मोज. पण तिला कुठला गिळता येतो, ते मी सांगणार." मी म्हणाले, "ते मशीनला कळतही नाही." "तोवर बटाटा," आई म्हणाली.

ठमी उठली, आधी कुरकुरली, मग हाक मारल्यासारखी ओरडली. आई सवयीनं उठली आणि पाळण्याजवळ जाऊन थबकली. हात मागे घेतले. "मी घेऊ का तिला? माझ्या अंगात ते..."

"आई, ते हाताला लागत नाही. चार-पाच दिवसांत निम्मं जाईल, मग त्याच्या निम्मं."

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. तरीही ती मोरीशी गेली आणि साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग येऊन तिला उचललं. ठमीला नुकतेच खालचे दोन दात आले होते आणि त्यांची तिला खूप हौस होती. तिनं आजीची हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि करकचून चावली. आईनं चेहरा मागे घेतला नाही.

"चाव गं, चाव," ती म्हणाली. "तुझी आजी चोर नाही."